स्त्रीदोषांची यादी आणि बुलढाण्याचा निबंध

वऱ्हाड प्रांत 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. त्याच्या पश्चिम टोकाचे बुलढाणा पुण्या-मुंबईच्या छापखान्यांपासून व सभांपासून बरेच दूर असले, तरी स्त्रीस्वभावाविषयीच्या रूढ समजुतींवर एकोणिसाव्या शतकातील मराठीत झालेला बहुधा सर्वांत तिखट हल्ला तेथील एका मराठा घरातून झाला. तो करणाऱ्या ताराबाई शिंदे यांचा जन्म सुमारे 1850 चा. वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी, म्हणजे जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या संघटनेशी, त्यांचा संबंध होता. मुलीला लिहावयास शिकविणारे असे घर त्या काळी विरळाच.

1881 मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल सुरतेच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली आणि पुढे ती सौम्य झाली. परंतु या निमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्रातून एकूण स्त्रीजातीच्या नीतीवरच शिंतोडे उडविले गेले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी लिहिलेला ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध 1882 मध्ये पुण्यात छापला गेला.

खोटेपणा, कपट, मूर्खपणा, अतिलोभ, निर्दयता आणि साहस (येथे अर्थ अविचारी, अपराधाकडे झुकणारे धाडस) हे स्त्रियांचे उपजत दोष होत, असे संस्कृत सुभाषिते सांगत आली होती. पुराणांनी व नाटक-कादंबऱ्यांनी त्याच समजुती घरोघर पोहोचविल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या कानी पडलेले हे आरोप ज्यांच्यावर होते त्यांनाही आपल्या स्वभावाचे वर्णन वाटू लागले. ताराबाईंची पद्धत साधी, पण निर्दय आहे: यादीतील एकेक दोष घ्यावयाचा, तो पुरुषाच्या वर्तनाला लावून पाहावयाचा आणि जड पारडे कोणाचे ते वाचकालाच विचारावयाचे. विधवेला फसविणारा पुरुष समाजात उजळ माथ्याने वावरतो आणि कलंक तिच्या कपाळी येतो. पतीसाठी यमाच्या मागे जाणारी सावित्री पुराणात आहे, मग पत्नीसाठी तसे करणारा पती कोठे आहे, असा त्यांचा सवाल आहे. स्त्रीच्या मनातील हीनत्वाच्या भावनेइतकीच पुरुषाची आत्मवंचना, म्हणजे स्वतःला निर्दोष मानून घेण्याची सवय, त्या उघडी पाडतात.

अशी धार असलेल्या लेखिकेने प्रस्तावनेत मात्र स्वतःला घरात कोंडलेली, मतिमंद अबला म्हटले आहे. त्यात ग्रंथकारांच्या रूढ विनयाचा भाग असेलही, पण ज्या समजुतीवर पुढे प्रहार होतो तीच लेखिकेच्या लेखणीतून आधी उतरावी, यावरून ती किती खोल मुरली होती हे दिसते. पातिव्रत्याची कल्पना त्यांनी समूळ टाकली नाही, ती दोघांना सारखी लागू करण्याची मागणी केली. पण ही मर्यादा दाखविणाऱ्याने तो निबंध 1882 चा आहे हे विसरू नये.

पुस्तकावर टीकेची झोड उठली. फुले यांनी आपल्या ‘सत्सार’च्या 1885 मधील अंकात ताराबाईंची बाजू घेतली, आणि तीही आपल्याच वर्तुळातील मंडळींविरुद्ध. स्त्रीची बाजू मांडल्यावर सुधारकांचेही पित्त खवळते, हे यातून स्पष्ट झाले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही, आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा वाचकांच्या हाती आली ती स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुनर्मुद्रण केल्यावर, म्हणजे 93 वर्षांनी.