तोडलेलं मुंडकं, वाढणारं धड

दंतकथा म्हणजे रिकामटेकड्यांच्या गप्पा असं ज्यांना वाटतं, त्यांनी पेरूमधली ही एक गोष्ट जरूर ऐकावी.

अँडीज पर्वतातले क्वेचुआ भाषक लोक सांगतात, की स्पॅनिशांनी इंकारीचं मुंडकं तोडलं आणि पुरलं. पण ते जिवंत आहे. जमिनीखाली त्याला हळूहळू धड फुटतंय. अंग पुरं झालं की इंकारी परत येणार. आता हे नावच बघा ना. इंका अधिक 'रेय', म्हणजे स्पॅनिशमध्ये राजा. जिंकणाऱ्यांचीच पदवी उचलून यांनी आपल्या राजाला लावून टाकली!

इतिहास काय सांगतो? १५३३ साली पिझारोच्या माणसांनी काहामार्का इथं इंका राजा अताहुआल्पाला मारलं. खोलीभर सोनं खंडणी म्हणून घेतलं, तरी मारलंच. पण गळा आवळून. मुंडकं उडवलं ते १५७२ साली, कुस्कोच्या चौकात, शेवटचा इंका तुपाक आमारू याचं. गोष्टीत ही दोन मरणं एक झाली. पुस्तकी माणूस याला चूक म्हणेल. मी नाही म्हणणार. राजा कोणता, साल कुठलं, हा तपशील सांगणाऱ्यांना नकोच होता. आपलं डोकं धडावेगळं केलं गेलंय, एवढं पोराबाळांना कळायला हवं होतं.

पुढं १७८० मध्ये त्याच तुपाक आमारूचा वारस म्हणवणाऱ्या, तेच नाव घेतलेल्या पुढाऱ्यानं मोठं बंड केलं. १७८१ मध्ये त्यालाही कुस्कोच्या त्याच चौकात मारलं, आणि देहाचे तुकडे गावोगाव पाठवले. मग इंका पोशाखावर बंदी, इंका राजांच्या नाटकांवर बंदी, क्वेचुआ भाषा मोडून काढायचे हुकूम. पोशाख उतरवता येतो, नाटकही थांबवता येतं. पण रात्री चुलीपाशी म्हातारी काय सांगते, तिथं पहारा कोण बसवणार?

ही गोष्ट अभ्यासकांनी कागदावर उतरवली ती थेट १९५५-५६ च्या सुमारास, केरो आणि पुकियो या भागांत. पुकियोत ऐकणाऱ्यांपैकी एक होते लेखक होसे मारिया आर्गेदास. ते स्वतः लहानपणी घरातल्या नोकरमाणसांकडून क्वेचुआ शिकलेले.

तिथल्या सांगण्यात एक बारकावा आहे, तो मला फार खरा वाटतो. इंकारी येईल, पण देवानं होकार दिला तर. आणि देव होकार देईल की नाही, ते ठाऊक नाही म्हणतात.