जीप, घोडा आणि कलम 300

11 फेब्रुवारी 1952. उदयपूर. संध्याकाळची वेळ. कलेक्टरसाहेबांच्या वापरासाठी ठेवलेली सरकारी जीप दुरुस्ती करून गॅरेजमधून परत चालली होती. चालवणारा ड्रायव्हर तात्पुरत्या नोकरीवरचा. त्यानं फुटपाथवरून चालणाऱ्या एका माणसाला उडवलं. कवटी आणि पाठीचा कणा मोडला. तीन दिवसांनी तो माणूस हॉस्पिटलात वारला. मागे राहिली बायको आणि एक लहान मुलगी.

बायकोनं स्वतःच्या आणि तीन वर्षांच्या मुलीच्या वतीनं 25,000 रुपये नुकसानभरपाईचा दावा लावला. ड्रायव्हरवर, आणि राजस्थान सरकारवरही. चारच वर्षांपूर्वीपर्यंत या शहरात महाराणांचं राज्य होतं. तिथे एक विधवा सरकारला सांगत होती, तुमच्या माणसानं केलंय, तुम्ही भरा.

ड्रायव्हर कोर्टात फिरकलाच नाही. खालच्या कोर्टानं त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा दिला आणि सरकारविरुद्धचा दावा फेटाळला. जीप कलेक्टरच्या सरकारी कामासाठी ठेवलेली आहे, एवढ्यावरच सरकार जबाबदारीतून सुटलं. म्हणजे बाई अर्धी जिंकली, पण कागदावर. तात्पुरत्या ड्रायव्हरकडून एवढी रक्कम वसूल कशी करायची?

ती हायकोर्टात गेली. तिथे सरकारलाही जबाबदार धरून 15,000 रुपये मंजूर झाले. मग सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. पंधरा हजारांसाठी नव्हे, तत्त्वासाठी. नोकराच्या चुकीसाठी सरकारला भरपाई द्यावी लागते का, हा तो प्रश्न.

याचं उत्तर संविधानाच्या कलम 300मध्ये असायला हवं. पण ते कलम वाचलं की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीचं दुखणं आठवतं. जुन्या कोडमध्ये एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला, आणि खरं काम कुठे होतं तेच सापडत नाही. कलम 300 म्हणतं, संविधानाआधी सरकारवर जसा दावा लावता येत होता, तसाच आताही येईल. आधी म्हणजे कसा? 1935च्या कायद्यात बघा. तो 1915च्या कायद्याकडे बोट दाखवतो. 1915चा 1858च्या. आणि 1858चा कायदा सांगतो, ईस्ट इंडिया कंपनीवर जसा दावा लावता आला असता, तसा.

या साखळीच्या टोकाशी एक घोडा उभा आहे.

कलकत्त्यात खिदिरपूरच्या सरकारी गोदीजवळून पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या जहाज कंपनीची घोडागाडी चालली होती. गोदीचे मजूर लोखंडाचा एक अवजड तुकडा उचलून भर रस्त्यातून नेत होते. गाडीवानानं ओरडून सांगितलं. पुढचे मजूर एका बाजूला सरले, मागचे दुसऱ्या. गोंधळात लोखंड धाडकन खाली पडलं. घोडे बिथरून पुढे झेपावले आणि एक जखमी झाला. नुकसान 350 रुपये.

दावा लागला कलकत्त्याच्या स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे किरकोळ रकमांच्या कोर्टात. पण प्रतिवादी सरकार असल्यामुळे कायद्याचा मुद्दा वर पाठवला गेला. 1861मध्ये सर बार्न्स पीकॉक यांनी रेघ मारली. जे काम खासगी माणूसही करू शकतो, त्यात चूक झाली तर सरकार जबाबदार. जे फक्त सार्वभौम सत्ताच करू शकते, त्यात नाही. गोदी चालवणं पहिल्या प्रकारातलं. घोड्याची भरपाई मान्य झाली.

शंभर वर्षांनी, 2 फेब्रुवारी 1962ला, सुप्रीम कोर्टानं उदयपूरच्या बाईच्या बाजूनं निकाल दिला. गॅरेजमधून जीप परत आणणं ही काही सार्वभौम सत्ता नव्हे. राजा चूक करूच शकत नाही ही इंग्लंडातली सरंजामी समजूत प्रजासत्ताकात चालणार नाही. इतर कुठल्याही मालकासारखं सरकारही नोकराच्या चुकीला जबाबदार आहे. ‘राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती’ हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही शिकतात. अपघाताला दहा वर्षं व्हायला नऊ दिवस कमी होते. मुलगी एव्हाना बारा-तेरा वर्षांची झाली असणार.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण 1964मध्ये मेरठचा खटला आला. पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं होतं. ते ज्याच्या ताब्यात होतं तो हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला. निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. जप्ती हे सार्वभौम काम, म्हणून भरपाई नाही. पण हे न्याय्य नाही, कायदेमंडळानं कायदा करावा, असंही त्यांनी सुचवलं. विधी आयोगानं तर 1956मध्येच, आपल्या पहिल्याच अहवालात, असा कायदा मागितला होता. पुढे संसदेत विधेयक आलं. कायदा झाला नाही.

दरम्यान दोन वाटा निघाल्या. एक वाहनांची: 1956च्या दुरुस्तीनं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. आज अपघात कुठेही झाला तरी जखमी माणूस स्वतः राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. सहा महिन्यांची मुदत मात्र पाळावी लागते. दुसरी वाट मूलभूत हक्कांची: बेकायदा कोठडी, कोठडीतला मृत्यू यांत 1983पासून सुप्रीम कोर्ट भरपाई देत आलं आहे. आमच्या भाषेत हा वर्कअराउंड. मूळ कोड तसाच आहे. तुम्हाला सरकारी जीपनं उडवलं की सरकारी लाठीनं, यावर दाव्याची वाट आजही बदलते.

संसदेला किंवा विधानसभेला हे बदलता येईल. तशी मुभा कलम 300मध्येच लिहिलेली आहे. तोवर कुणी सरकारवर असा दावा लावला, की वकिलाला पुन्हा खिदिरपूरच्या त्या घोड्यापासून सुरुवात करावी लागते.