किरणोत्सर्गी सुईची वाट

पवनमावळांतील बेडसे येथील चैत्यगृह दुरून दिसत नाहीं. कारागिरांनीं समोरचा खडक पुष्कळसा तसाच ठेवून त्यांतून अरुंद वाट खोदली, आणि त्या वाटेनें आंत शिरल्यावरच उंच स्तंभ एकदम दृष्टीस पडतात. बाहेरचें न मोडतां आंतलें गांठावयाचें, असाच एक प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीं कर्करोगाच्या वैद्यांपुढें उभा राहिला. फरक एवढाच, कीं खडक आपल्या जागीं स्थिर राहतो. जिवंत मांस राहत नाहीं.

१८९८ सालीं क्यूरी पतिपत्नींनीं रेडियमचा शोध लावला. १९०१ मध्यें बेकेरेल यानें रेडियमची एक नळी बंडीच्या खिशांत बाळगली, तों खालची कातडी भाजून निघाली. जें निरोगी कातडीस जाळतें तें रोगट मांसासहि जाळील, हा तर्क तेथूनच बळावला, आणि पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयांत त्याच वर्षीं त्वचारोगांवर रेडियमचे प्रयोग सुरू झाले. परंतु शरीराच्या आंत दडलेल्या गांठीचें काय? टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यानें १९०३ सालीं एका डॉक्टरास पत्र लिहून सुचविलें, कीं रेडियमचा कण बारीक कांचनळींत बंद करून गांठीच्या मध्यभागींच कां ठेवूं नये? सूचना साधी, पण तिच्यामागें मोठें शास्त्र आहे. किरणांच्या कणापासून दुप्पट दूर गेलें कीं किरणांचा जोर चौथाईवर येतो. म्हणजे गांठीच्या पोटांत ठेवलेला कण गांठीस पूर्ण भाजतो आणि शेजारच्या अवयवांस बऱ्याच अंशीं सोडून देतो. मात्र याच नियमाची दुसरी बाजूहि आहे. कण कांहीं मिलीमीटर चुकला, तर रोग जिवंत राहतो आणि निरोगी भाग होरपळतो.

पुढें प्लॅटिनमच्या पोकळ सुयांत रेडियम भरूं लागले. सुई गांठींत खुपसावयाची, तिच्या नेढ्यांतील दोऱ्यानें ती कातडीस टांचावयाची, आणि आठवडाभर तशीच ठेवावयाची. मँचेस्टरच्या पॅटर्सन व पार्कर यांनीं १९३४ सालीं या सुयांच्या मांडणीचे नियम घालून दिले. सुया परस्परांस समांतर व सारख्या अंतरावर असाव्यात, असें त्या नियमांचें म्हणणें. कागदावर हें सोपें! परंतु प्रत्येक क्षणीं शल्यवैद्याचीं बोटें त्याच किरणांत भाजत असत. जो सावकाश, नीट काम करील त्याला शिक्षा अधिक, अशी ही विलक्षण विद्या होती. परिचारिकांची गोष्ट तर कोणी फारशी लिहिलीच नाहीं.

आपल्याकडे तंबाखूच्या संवयीमुळें गालाचा व जिभेचा कर्करोग फार. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वेल्समध्यें निवर्तल्या, आणि पुढल्याच वर्षीं सर दोराबजीहि गेले. त्यांच्या विश्वस्त निधींतून परळ येथें उभारलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्तें खुलें झालें. मेहेरबाईंच्या रोगावर सुईचा उपाय चालला नसता, कारण रक्तांत भिनलेल्या रोगाला खुपसण्याजोगी गांठ नसते. परंतु त्यांच्या स्मृतींतून निघालेल्या या वास्तूंत तोंडाच्या गांठी घेऊन असंख्य रोगी आले. १९६२ मध्यें हें रुग्णालय अणुशक्ति खात्याकडे गेलें. अणुशक्ति खात्यानें रुग्णालय चालवावें याचें प्रथम नवल वाटतें. परंतु किरणोत्सर्गी द्रव्य करणारे आणि वापरणारे त्यामुळें एका छत्राखालीं आले.

दरम्यान अमेरिकेंत हेन्श्के यानें एक युक्ति रूढ केली होती. आधीं रिकामी नळी बसवावयाची, तिची जागा क्ष-किरणांनीं पाहून घ्यावयाची, आणि किरणोत्सर्गी द्रव्य मागाहून आंत सोडावयाचें. वाट वेगळी आणि वाटसरू वेगळा! घाई संपली, बोटें वाचलीं. रेडियमची जागा इरिडियमनें घेतली. त्याचा जोर सुमारें ७४ दिवसांत निम्मा होतो. ट्रॉम्बे येथें किरणोत्सर्गी केलेल्या इरिडियमच्या तारा भारतांतील रुग्णालयांना मिळूं लागल्या, आणि मऊ प्लॅस्टिकच्या नळ्यांतून त्या गाला-जिभेंत वळण घेऊन ठेवतां येऊं लागल्या. पुढें तर पोलादी तारेच्या टोंकास बसविलेला इरिडियमचा कण यंत्रच आंत ढकलूं लागलें, आणि डॉक्टर भिंतीपलीकडून पाहूं लागले.

तरीहि प्रोस्टेट ग्रंथीसारख्या खोल जागीं जाणारी सुई सरळच राहिली. ती खालच्या बाजूनें, भोकें पाडलेल्या चौकटींतून खुपसतात. ग्रंथि वाढलेली असली तर तिचा पुढचा भाग जघनास्थींच्या कमानीआड दडतो आणि सरळ सुई हाडावर आपटते. शिवाय सुई शिरतांना ग्रंथि पुढें सरकते व सुजते. तिरप्या टोंकाची सुई तर आपोआपच वांकडी जाते, कारण मांसाचा दाब तिच्या उतारावर एकाच बाजूनें पडतो. पिढ्यान्‌पिढ्या वैद्यांनीं याला खोड म्हटलें. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांतील संशोधकांनीं २००६ च्या सुमारास त्याच खोडीचें गणित मांडलें: सुई ढकलतां ढकलतां फिरविली, तर तिची वळण्याची दिशा आपल्या हातीं येते.

लंडन व डेल्फ्ट येथील अभियंत्यांनीं धडा घेतला तो एका परोपजीवी गांधीलमाशीपासून. तिची अंडीं घालण्याची बारीक नळी परस्परांवर सरकणाऱ्या तीन पट्ट्यांची असते. दोन पट्ट्या धरून ठेवतात, तिसरी पुढें सरकते, आणि केसाएवढी नळी लांकडांतहि न मोडतां शिरते. अशा रचनेची सुई मांस फारसें न ढकलतां वळत जाऊं शकते. अडचणी मात्र पुष्कळ आहेत. सुई पोकळ हवी, कारण मागाहून इरिडियमचा कण तिच्यांतूनच जाणार. वळण फार तीव्र झालें तर त्याची पोलादी तार मध्येंच अडकेल. चुंबकीय प्रतिमायंत्रांत वापरावयाची तर तींत साधें लोखंड चालत नाहीं. म्हणून बहुतेक रुग्णालयांत आजहि सरळ सुईच हातीं घेतात. ती चुकली कीं मागें ओढून पुन्हा खुपसावी लागते, आणि प्रत्येक खेपेस ग्रंथि आणखी थोडी सुजते.