मिकुलोव्ह

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण मोराव्हिया प्रांतातील, ऑस्ट्रियाच्या सीमेलगतचे ऐतिहासिक नगर. जर्मन नाव निकोल्सबुर्ग. लोकसंख्या सुमारे ७,५००. ब्रनोच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी. व व्हिएन्नाच्या उत्तरेस सुमारे ८० किमी. अंतरावर, या दोन शहरांना जोडणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर ते वसले आहे. हे नगर आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा मोठे नाही. तरी यहुदी धर्मविद्या, ख्रिस्ती धर्मसुधारणा, युरोपातील तह-युद्धे आणि अश्मयुगीन पुरातत्त्व या चारही विषयांच्या इतिहासात त्याला जागा आहे. याचे मूळ सीमेवरच्या त्याच्या स्थानात सापडते. शेजारच्या राज्यांतून व शहरांतून घालवून दिलेल्या लोकांना येथे वेळोवेळी आसरा मिळाला, आणि सत्ता पालटली तेव्हा येथूनही माणसांना घरेदारे सोडून जावे लागले. मिकुलोव्हची बहुतेक प्रेक्षणीय स्थळे अशा येणाऱ्या-जाणाऱ्यांनीच मागे ठेवलेली आहेत.

भूवर्णन : पालाव्हा या चुनखडकाच्या डोंगररांगेच्या दक्षिण टोकाशी नगर आहे. ज्युरासिक काळातील समुद्रात तयार झालेला हा पांढुरका खडक सपाट शेतजमिनीतून एकाएकी वर आलेला दिसतो. डेव्हीन (५४९ मी.) हे रांगेतील सर्वोच्च शिखर. नगराला लागून पूर्वेस ‘स्वाती कोपेचेक’ म्हणजे पवित्र टेकडी (३६३ मी.) आणि उत्तरेस तुरोल्ड ही टेकडी असून तुरोल्डच्या पोटात चुनखडकातील गुहा आहे. राजवाडाही अशाच एका खडकावर उभारलेला आहे. हा भाग चेक प्रजासत्ताकातील सर्वांत उबदार व कोरड्या भागांपैकी एक आहे. चुनखडकाच्या उतारांवर गवताळ प्रदेशातील दुर्मिळ वनस्पती, रानटी आयरिस व उष्णताप्रिय कीटक आढळतात. पालाव्हाला १९७६ मध्ये संरक्षित भूप्रदेशाचा दर्जा मिळाला व १९८६ मध्ये युनेस्कोने त्याचा जीवावरण राखीव क्षेत्रांत समावेश केला.

प्राचीन काळ : डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी डोल्नी व्हेस्टोनित्से येथे हिमयुगातील मॅमथ-शिकाऱ्यांच्या वस्त्या सापडल्या. कारेल अब्सोलोन यांच्या नेतृत्वाखालील उत्खननात १९२५ मध्ये तेथे भाजलेल्या मातीची, सुमारे ११ सेंमी. उंचीची स्त्रीमूर्ती मिळाली. ‘व्हेस्टोनित्सेची व्हीनस’ या नावाने प्रसिद्ध असलेली ही मूर्ती पंचवीस हजार वर्षांहून जुनी असून भाजलेल्या मातीच्या जगातील सर्वांत जुन्या ज्ञात वस्तूंत गणली जाते. मडकी भाजण्याची कला येण्याच्या कित्येक सहस्रके आधी येथील माणसाने माती आगीत टाकून टिकाऊ केली होती. जवळच मुशोव्ह येथे सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातील रोमन छावणीचे अवशेष आहेत. रोमन साम्राज्याची हद्द दक्षिणेस डॅन्यूब नदीवर होती. मार्कोमानी टोळ्यांशी लढताना रोमन सैन्य ती ओलांडून येथवर आले होते.

सरदार घराणी : हे ठिकाण बाराव्या शतकापासून ज्ञात आहे. मोराव्हिया आणि ऑस्ट्रिया यांमधील वाट राखणारा किल्ला म्हणून त्याला महत्त्व आले. १२४९ मध्ये प्शेमिस्ल ओटाकार दुसरा याने मिकुलोव्ह हाइनरिख फॉन लिख्टेनश्टाइन याला दिले आणि पुढे तीनशेहून अधिक वर्षे ही जहागीर त्या घराण्याकडे राहिली. १५६० मध्ये लिख्टेनश्टाइनांनी ती विकली. काही वर्षांनी ती सम्राटाकडे परत आली आणि १५७५ मध्ये सम्राट माक्सिमिलिअन दुसरा याने ती माद्रिदच्या दरबारातील आपला माजी वकील आडाम फॉन डीट्रिखश्टाइन याला दिली. १९४५ पर्यंत ती त्याच्या वारसांकडे होती.

आडामचा मुलगा फ्रान्त्स फॉन डीट्रिखश्टाइन (१५७०–१६३६) याचा जन्म माद्रिदचा. तो १५९९ मध्ये कार्डिनल व ओलोमोउत्सचा बिशप झाला. १६२० मध्ये प्रॉटेस्टंट सरदारांचे बंड मोडल्यावर सम्राटाने मोराव्हियाचा कारभारही त्याच्याकडे सोपविला. आज दिसणाऱ्या मिकुलोव्हचा आराखडा मुख्यतः त्याच्या काळातला आहे. इटलीतील लोरेतो येथील पवित्र घराची प्रतिकृती, पवित्र टेकडीवरील यात्रास्थळ आणि १६३१ मध्ये स्थापन झालेली पिआरिस्ट संघाची शाळा ही त्याची कामे. आल्प्सच्या उत्तरेस या संघाची ही पहिलीच शाळा होती. शरीरक्रियाविज्ञानाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेला यान एव्हान्गेलिस्टा पुर्किन्ये लहानपणी येथे गायकवृंदातील मुलगा म्हणून आला व येथेच शिकला. शेजारच्या गावात जन्मलेले आणि पुढे ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले कार्ल रेनर यांचेही शालेय शिक्षण मिकुलोव्हमध्ये झाले.

पुनर्बाप्तिस्मावादी : कॅथलिक यात्रास्थळ होण्यापूर्वी मिकुलोव्ह हे युरोपातील सर्वांत धाडसी ख्रिस्ती सुधारकांचे ठिकाण होते. अर्भकाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, तो जाणत्या माणसाने समजून घ्यावा, असे मानणारे हे पंथीय कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोघांच्याही राज्यांत छळले जात. त्यांचा विद्वान नेता बाल्थाझार हुबमायर १५२६ मध्ये येथे आला आणि लेओनहार्ट फॉन लिख्टेनश्टाइन याने त्याला अभय दिले. झुरिकहून आलेल्या एका मुद्रकाने येथे छापखाना घातला व त्यातून हुबमायरच्या पुस्तिका बाहेर पडल्या. हे अभय वर्षभरच टिकले. हुबमायरला ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले, १० मार्च १५२८ रोजी व्हिएन्नात जिवंत जाळण्यात आले आणि तीन दिवसांनी त्याची पत्नी एल्सबेट हिला डॅन्यूबमध्ये बुडविण्यात आले.

त्याच वर्षी मिकुलोव्हच्या पंथीयांत शस्त्र धरावे की नाही यावरून फूट पडली. शस्त्र नाकारणारा गट गाव सोडून निघाला. वाटेत त्यांनी जमिनीवर एक झगा अंथरला आणि ज्याच्याजवळ जे होते ते त्यावर ठेवून सर्वांचे सामाईक केले. सामाईक मालमत्तेचा हा नियम पाळणारे हटराइट लोक आज कॅनडा व अमेरिकेत शेती करून राहतात आणि आपल्या पंथाचा आरंभ या प्रसंगापासून मानतात. मोराव्हियात राहिलेल्या त्यांच्या वसाहती १६२२ मध्ये कार्डिनल डीट्रिखश्टाइनच्या हुकमाने उठविण्यात आल्या.

यहुदी वस्ती : १४२१ मध्ये व्हिएन्ना व खालच्या ऑस्ट्रियातून आणि १४५४ मध्ये ब्रनो, ओलोमोउत्स, झ्नोइमो या राजाच्या शहरांतून यहुद्यांना हाकलण्यात आले. सरदारांच्या जहागिरींना ती बंदी लागू नव्हती. त्यामुळे मिकुलोव्हच्या खडकाखाली पश्चिमेस त्यांची वस्ती वाढली आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापासून १८५१ पर्यंत मोराव्हियाच्या प्रमुख रब्बींचे पीठ येथे राहिले. गोलेम या जिवंत केलेल्या मातीच्या पुतळ्याच्या दंतकथेमुळे प्रागशी नाव जोडले गेलेले रब्बी यहुदा लोव बेन बेझालेल हे १५५३ ते १५७३ अशी वीस वर्षे मिकुलोव्हमध्ये होते. हसिदी परंपरेतील रब्बी श्मेल्के यांनी अठराव्या शतकात हे पीठ सांभाळले. आधुनिक सनातनी यहुदी विचाराचे प्रवर्तक साम्सोन राफाएल हिर्श १८४७ मध्ये येथे आले व १८५१ पर्यंत राहिले. ऑस्ट्रियाच्या न्यायव्यवस्थेतून छळाची पद्धत काढून टाकावी म्हणून लढलेला कायदेपंडित योझेफ फॉन झोनेनफेल्स मूळचा याच वस्तीतला. बेटहोफेनने एक पियानो सोनाटा त्याला अर्पण केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे सुमारे ३,५०० यहुदी राहत व नगरात बारा सिनेगॉग होते. मोराव्हियातील यहुदी कुटुंबांची संख्या १७२६ च्या कायद्याने गोठविली होती. घरातील एकाच मुलाला लग्नाची परवानगी मिळे. १८४८ नंतर हे निर्बंध उठले आणि तरुण कुटुंबे ब्रनो व व्हिएन्नाकडे निघून गेली. १८३९ मध्ये व्हिएन्ना–ब्रनो लोहमार्ग मिकुलोव्हला वगळून ब्रेत्स्लाव्हवरून गेल्याने व्यापारही तिकडे सरकला होता. शिल्लक समाज नाझी राजवटीत नष्ट झाला. काही जण परदेशी निसटले, बहुसंख्य मारले गेले.

१८६६ चा तह : ३ जुलै १८६६ रोजी केनिगग्रेट्स येथे ऑस्ट्रियाचा पराभव करून प्रशियाचे सैन्य दक्षिणेस उतरले आणि राजा विल्हेल्म व त्याचा पंतप्रधान बिस्मार्क मिकुलोव्हच्या राजवाड्यात उतरले. व्हिएन्ना दोन-तीन मजलांवर होते व राजाला तेथे विजेता म्हणून शिरायचे होते. उद्याचा मित्र आज दुखवू नये, असा बिस्मार्कचा आग्रह होता. अखेर त्याचेच चालले. २६ जुलैच्या प्राथमिक तहात प्रशियाने ऑस्ट्रियाचा मुलूख घेतला नाही. मात्र ऑस्ट्रियाला जर्मन राज्यसंघाच्या कारभारातून बाहेर पडावे लागले व जर्मनीच्या एकीकरणाचा मार्ग मोकळा झाला. ज्या घरात हे ठरले त्याची वारस आलेक्झांड्रीन डीट्रिखश्टाइन ही ऑस्ट्रियाच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्र्याची पत्नी होती.

विसावे शतक : १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्थापन झाले तेव्हा नगरात जर्मन भाषक बहुसंख्य होते. १९३८ च्या म्यूनिक करारानंतर हा पट्टा जर्मनीला जोडण्यात आला. २२ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपत आले असताना, राजवाडा जळाला. व्हेस्टोनित्से व प्शेडमोस्टी येथील उत्खननांतून मिळालेला मोठा संग्रह सुरक्षिततेसाठी येथे आणून ठेवला होता. प्शेडमोस्टीचे हिमयुगीन मानवी सांगाडे त्या आगीत गेले. त्यांचा अभ्यास आता जुन्या नोंदी व छायाचित्रे यांवरच करावा लागतो. व्हीनसची मूर्ती मात्र बचावली. युद्धानंतर जर्मन रहिवाशांना देशाबाहेर घालविण्यात आले. सोळाव्या शतकापासून आसपासच्या खेड्यांत राहणाऱ्या क्रोएशियन कुटुंबांनाही सीमेपासून दूर हलविले गेले आणि रिकाम्या घरांत देशाच्या इतर भागांतून आलेले लोक राहू लागले. पुढची चार दशके काटेरी तारांनी व्हिएन्नाची वाट बंद ठेवली. १९८९ नंतर तारा निघाल्या व डिसेंबर २००७ पासून सीमेवरची पारपत्र-तपासणीही थांबली.

प्रेक्षणीय स्थळे : नगराचा जुना भाग १९८२ पासून संरक्षित आहे. राजवाड्याचा आजचा बरोक घाट १७१९ च्या आगीनंतरचा. १९४५ नंतर तो पुन्हा बांधून काढण्यात आला व आता तेथे प्रादेशिक संग्रहालय आहे. तळघरातील १६४३ चे ओक लाकडाचे पिंप पाहण्यासारखे आहे. त्यात एक लाख लिटरांहून अधिक वाइन मावते. जहागिरीतील द्राक्षमळेवाल्यांकडून वसुलीत येणारी वाइन त्यात साठवीत.

चौकात पवित्र त्रिमूर्तीचा स्तंभ, पोमोना देवीचे कारंजे आणि गिलाव्याचा वरचा थर खरवडून चित्रे काढलेले ‘सरदारांचे घर’ आहे. चौकाच्या एका बाजूस डीट्रिखश्टाइनांचे समाधिगृह लागते. मूळचे ते लोरेतोचे चर्च. १७८४ च्या आगीत ते उद्ध्वस्त झाले व एकोणिसाव्या शतकात उरलेल्या भिंतींतून घराण्यातील ४५ शवपेट्यांसाठी ही वास्तू सिद्ध झाली.

हुसोव्हा रस्त्यावरील ‘वरचा सिनेगॉग’ सोळाव्या शतकातला असून १७१९ नंतर नव्याने बांधलेला आहे. मधोमध असलेले चार खांब धर्मग्रंथवाचनाचा चौथरा कवेत घेतात आणि चार घुमट तोलतात. पोलंडकडील ही रचना चेक भूमीत येथेच टिकली आहे. जवळच्या उतारावरील यहुदी दफनभूमीत सुमारे चार हजार समाधिशिळा आहेत. वाचता येणारी सर्वांत जुनी १६०५ ची आहे. रब्बींच्या समाधी एका उंचवट्यावर एकत्र असून दूरदूरचे यहुदी यात्रेकरू तेथे येऊन खडे ठेवून जातात.

पवित्र टेकडीवर १६२२ च्या प्लेगनंतर कार्डिनलने संत सेबास्टिअनचे प्रार्थनामंदिर बांधविले. क्रूसमार्गाच्या छोट्या पांढऱ्या देवळ्यांची रांग पायथ्यापासून त्या मंदिरापर्यंत चढत जाते. दर सप्टेंबरात लोरेतोच्या कृष्णवर्ण मातेची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक वर जाते.

वाइन व कला : मोराव्हियाच्या चार वाइन-उपप्रदेशांपैकी एकाला मिकुलोव्हचेच नाव आहे. चुनखडीच्या जमिनीत वेल्शरिस्लिंग चांगली येते. ‘पालाव्हा’ हे सुगंधी द्राक्ष योझेफ व्हेव्हेर्का यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या संकरातून तयार केले व १९७७ मध्ये त्याची अधिकृत नोंद झाली. सप्टेंबरातील द्राक्षतोडणीच्या उत्सवाला नगर माणसांनी भरून जाते. १८८१ च्या अखेरीस व्हिएन्नातील नाट्यगृहाच्या आगीनंतर काम गेलेला तरुण चित्रकार आल्फोन्स मुखा पैसे संपले म्हणून येथेच गाडीतून उतरला होता. लोकांची व्यक्तिचित्रे काढून त्याने दिवस काढले. येथेच जवळच्या एका उमरावाशी त्याची गाठ पडली आणि त्याच्या मदतीने तो म्यूनिक व पॅरिसला शिकला.

कोझी हराडेक : चौकाच्या उत्तरेस टेकडीवर असलेला हा पंधराव्या शतकातील तोफांचा बुरूज ब्रनोकडून येणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी बांधला होता. आता त्यावर निशाण फडकत असले की तो पाहण्यास खुला आहे, असे समजतात. माथ्यावरून राजवाडा, दफनभूमी, पवित्र टेकडी आणि ऑस्ट्रियातील शेते एकाच दृष्टिक्षेपात येतात. द्राक्षमळे सलग पसरलेले दिसतात. त्यांत सीमा कोठून जाते हे वरून ओळखता येत नाही.