गप्पी मासा: त्रिनिदादच्या ओढ्यातून आपल्या आडात

पावसाळा सुरू झाला की ताप, अंगदुखी आणि कमी झालेल्या प्लेटलेट्सचा रिपोर्ट घेऊन रुग्ण येऊ लागतात. घरात कुठे पाणी साठते का, असे विचारले की एक उत्तर हमखास मिळते. "डॉक्टर, आमच्याकडे डास होणारच नाहीत. आडात गप्पी मासे सोडलेत!" मासे सोडलेले असतात हे खरे, आणि समोरच्या माणसाला डेंगू झालेला असतो हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी या बोटभर माशाचा इतिहास पाहू या.

नाव कुठून आले?

'गप्पी'चा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही. रॉबर्ट जॉन लेचमीअर गप्पी नावाचे एक गृहस्थ वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहत. शाळा तपासणे ही त्यांची नोकरी आणि निसर्गाचा अभ्यास हा छंद. त्यांनी पाठवलेले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले आणि १८६६ मध्ये आल्बर्ट ग्युंटर यांनी त्या माशाला गप्पी यांचे नाव दिले. पुढे लक्षात आले की विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातल्या माशांवरून १८५९ मध्येच त्याचे वर्णन केले होते. त्यामुळे शास्त्रीय नाव पीटर्स यांचे राहिले, 'पोइसिलिया रेटिक्युलाटा'. लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच टिकला.

मूळ घर आणि स्वभाव

त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना या उष्ण भागातले ओढे आणि नद्या हे त्याचे मूळ घर. नर जेमतेम तीन सेंटीमीटरचा आणि रंगीबेरंगी, मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि फिकट. मादी अंडी घालत नाही, थेट पिलांना जन्म देते, तेही साधारण दर महिन्याला. एकदा मिळालेले शुक्राणू ती काही महिने शरीरात साठवून ठेवते. म्हणजे नर नसला तरी एकटी मादी नव्या पाण्यात वसाहत उभी करू शकते.

त्रिनिदादच्या डोंगरी नद्यांत धबधब्याच्या खाली गप्पीला खाणारे मोठे मासे असतात, वरच्या बाजूला ते फारसे नसतात. म्हणून खालचे नर फिके आणि वरचे भडक. जॉन एंडलर यांनी १९७६ मध्ये खालचे काही गप्पी वरच्या, शत्रू नसलेल्या ओढ्यात सोडले. अवघ्या दोन वर्षांत त्यांच्या वंशातले नर अधिक रंगीत झालेले दिसले. नव्या जागेशी इतक्या लवकर जुळवून घेणारा हा प्राणी आहे. हा गुण लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

डासांशी गाठ

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. मग प्रश्न उभा राहिला की डास वाढतात कुठे? मुंबईत चार्ल्स बेंटली यांनी त्याचा तपास केला. त्यांच्या १९११ च्या अहवालाने शहरातल्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांकडे बोट दाखवले. विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती, पण जुन्या विहिरी तशाच होत्या आणि हिवताप पसरवणारा 'अ‍ॅनॉफिलिस स्टीफन्सी' डास त्यांत सुखाने वाढत होता. विहिरी बुजवा म्हणणे सोपे होते, पण अनेकांची श्रद्धा त्या पाण्याशी जोडलेली होती, त्यामुळे विरोध झाला.

विहीर न बुजवता डास रोखायचे, तर अळ्या खाणारा मासा हा सोयीचा उपाय होता. गप्पी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भारतात आला होता. १९२८ मध्ये इटलीहून गम्बुसिया हा त्याचा नातलग आणला गेला. गप्पीचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते आणि डासांच्या अळ्या श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागाशी येतात. शिकार आयतीच समोर. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार एक पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो.

मग डीडीटी आले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि फवारणीपुढे मासे मागे पडले. वर्षाला साडेसात कोटी रुग्णांचा अंदाज होता, तो आकडा १९६५ च्या सुमारास लाखावर आला. पण डास डीडीटीला सरावले, यंत्रणा सैल पडली आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. तेव्हा जुने उपाय आठवले. १९८३ पासून गुजरातेत नडियादजवळच्या गावांत डॉ. व्ही. पी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डबकी बुजवणे, पाण्याची भांडी तपासणे आणि गप्पी सोडणे अशी एकत्रित मोहीम राबवली. आज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात दिसणारा गप्पी माशांचा हौद याच परंपरेतला.

मग डेंगू का होतो?

कारण डेंगूचा 'एडिस' डास आडात फारसा जातच नाही. त्याला घरातले, घराभोवतीचे थोडके पाणी पुरते. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचे टायर, नारळाची करवंटी. तिथे गप्पी जगू शकत नाही, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. शिवाय एडिसची अंडी कोरड्या भांड्याला चिकटून काही महिने तग धरतात. माशांवरच्या अभ्यासांचा आढावाही हेच सुचवतो. मासे सोडलेल्या पाण्यात अळ्या कमी होतात, पण केवळ त्यामुळे माणसांचा आजार कमी होतो याचा ठोस पुरावा नाही.

दुसरी बाजू निसर्गाची. जो गुण गप्पीला आपल्या आडात टिकवतो, तोच त्याला नदी-तलावात त्रासदायक ठरवतो. तिथे तो झपाट्याने वाढतो आणि स्थानिक लहान माशांच्या खाण्यावर, जागेवर अतिक्रमण करतो. आपल्या पाण्यात अळ्या खाणारे देशी मासे आधीपासून आहेत.

म्हणून एवढे करा

- बंदिस्त हौद, वापरात नसलेली विहीर, शोभेचे टाके अशा ठिकाणीच गप्पी सोडा, तेही आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारून.
- ओढा, नदी किंवा तलावात सोडू नका. घरच्या फिशटँकमधले जास्तीचे मासेही नाहीत.
- ब्लीचिंग पावडरने मासे मरू शकतात. पण माशांसाठी पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण थांबवू नका.
- आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. पिंप, रांजण, कूलर रिकामे करा, आतून घासा, वाळवा आणि मगच भरा.
- ताप आला तर "आमच्याकडे मासे आहेत" म्हणून थांबू नका. रक्त तपासून घ्या.

गप्पी त्याचे काम शंभर वर्षे इमानाने करतो आहे. कुंडीखालची ताटली मात्र त्याला रिकामी करता येत नाही. ते काम आपलेच.