वीस सेंटीमीटरची कुळकथा

रेल्वेच्या पहिल्या वर्गातली दोन बर्थची छोटी खोली म्हणजे कूपे. नवी जोडपी रिझर्वेशनच्या वेळी ‘कूपे मिळाला तर बरं’ म्हणतात ती हीच. दोन दारांच्या, मागे उतरत जाणाऱ्या टपाच्या मोटारीलाही कूपेच म्हणतात. दोघांचं कुळ एकच आहे आणि ते घोडागाडीपर्यंत जातं.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर, म्हणजे तिथला शासक, फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी लांबच्या प्रवासाची एक बंदिस्त चारचाकी बांधली गेली. गावावरून तिचं नाव पडलं बर्लिन. आत समोरासमोर दोन बैठका, चार माणसांची सोय. पुढे फ्रेंच कारागिरांनी या गाडीची पुढची, उलट्या तोंडाने बसायची बैठक उडवली आणि गाडी तेवढी आखूड केली. ती कापलेली गाडी म्हणजे कूपे. डब्याच्या टोकाला अर्धी खोली उरली, एकाच बाजूला बैठक असलेली, तेव्हा रेल्वेनेही तेच नाव उचललं. कात्री चालली ती लांबीवर. टपाला कुणी हातही लावला नव्हता.

कापल्याने गाडी चालवण्यात काय फरक पडतो, हे लंडनने 1838 मध्ये पाहिलं. लॉर्ड ब्रूम यांनी स्वतःसाठी बांधून घेतलेली छोटी बंद गाडी एका घोड्यावर चालायची. तिची पुढची चाकं लहान होती आणि त्यांना फिरायला मिळावं म्हणून डब्याचा पुढचा भाग खालून आत घेतलेला होता. त्यामुळे अरुंद गल्लीतही ती झटकन वळायची. मोठ्या बग्गीला ते जमणारं नव्हतं.

सेडानचा उगम वेगळा. 1634 मध्ये लंडनमध्ये सर सँडर्स डंकम यांना बंद खुर्च्या भाड्याने देण्याचा परवाना मिळाला. दोन माणसांनी दांड्यांवर वाहून न्यायच्या, एकाच माणसाच्या त्या पालखीला सेडान चेअर म्हणत. 1912 च्या सुमारास अमेरिकेत स्टुडबेकरसारख्या कंपन्यांनी हे नाव बंद मोटारीला दिलं. इटलीत मात्र चार दारांच्या गाडीला आजही बेर्लिना म्हणतात, म्हणजे तिथे बर्लिन आणि तिची कापलेली बहीण अजून एकाच घरात नांदतात. म्हणून या दोघींचं चालणं ताडून बघायचं तर तोरिनोला जावं.

तिथल्या लान्चा कंपनीने 1950 मध्ये ऑरेलिया बी10 ही बेर्लिना आणली. व्हित्तोरिओ यानोंच्या देखरेखीखाली फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओंनी घडवलेलं तिचं सहा सिलिंडरचं व्ही इंजिन हे विक्रीच्या मोटारीत बसलेलं त्या जातीचं पहिलं इंजिन. क्लच आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ, मागचे ब्रेकही चाकात न बसवता गिअरबॉक्सलगत. या गाडीची दारं उघडून पाहण्यासारखी आहेत. पुढचं दार पुढे उघडतं, मागचं मागे आणि मधे खांब नाही. दोन्ही दारं उघडली की पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत सगळा दिवाणखाना मोकळा. आजीआजोबांना चढायला याहून सोयीची गाडी मला माहीत नाही.

पुढच्याच वर्षी बी20 आली. दारं दोनच, टप बुटका आणि मागे उतरता. महत्त्वाचा बदल खाली होता. बेर्लिनाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, 2860 मिलीमीटर. कूपेचा 2660. वीस सेंटीमीटर कापले. दोन लिटरचं इंजिन त्याच वर्षी बेर्लिनालाही मिळालं. तिची ताकद 70 अश्वशक्ती, तर कूपेची 75. पाच घोड्यांचा फरक किरकोळ आहे. घाटात जाणवतो तो वीस सेंटीमीटरचा.

वीस मीटर त्रिज्येचं वळण घ्या. हळू वेगात बेर्लिनाची पुढची चाकं साधारण 8.1 अंश वळवावी लागतात, कूपेची 7.6. आकडा लहान वाटतो, पण नागमोडी रस्त्यावर प्रत्येक वळणाला हात तेवढा कमी फिरतो आणि गाडी तेवढी लवकर तोंड फिरवते. दुसरी गोष्ट टोकाच्या वजनाची. गाडीच्या मध्यापासून एखादं वजन दुप्पट लांब ठेवलं, तर गाडी फिरवताना त्याचा विरोध चौपट होतो. म्हणून लांबीतून थोडंसं कापलं तरी चपळाईत बरंच मिळतं. टप बुटका झाला की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणात गाडी बाहेरच्या चाकांवर कमी कलते. हा फायदा खरा, पण मी त्याला दुसरा नंबर देईन.

बेर्लिनाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. साठच्या वेगात पुढचं चाक खड्ड्यातून गेल्यावर मागचं तिथे पोचायला बेर्लिनात 0.17 सेकंद लागतात, कूपेत 0.16. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लांब पायाची गाडी पुढेमागे कमी डुलते आणि मागचे प्रवासी चाकांच्या पुढे, गाडीच्या पोटात बसतात. कूपेत मागे बसणारा जवळजवळ चाकावरच बसतो. गचका थेट त्याच्या पाठीत जातो. कुटुंबाला घेऊन लांब जायचं असेल तर बेर्लिना उजवी, यात मला शंका नाही.

कूपेने आपलं मोल लगेच दाखवलं. 1951 च्या मिले मिलिया शर्यतीत, ब्रेशियाहून रोम आणि परत अशा सुमारे हजार मैलांत, जोव्हान्नी ब्राको दोन लिटरची बी20 घेऊन दुसरा आला. त्याच्या पुढे एकटा व्हिलोरेसी होता आणि त्याच्या फेरारीचं इंजिन दुप्पट मोठं होतं. पुढच्या वर्षी सिसिलीत तार्गा फ्लोरिओ झाली. मादोनीच्या डोंगरातला 72 किलोमीटरचा, वळणांनी भरलेला फेरा. पहिले तिन्ही नंबर बी20 ने घेतले, फेलिचे बोनेत्तो पहिला.

आखूड करण्याची किंमतही चुकवावी लागली. गिअरबॉक्सचं वजन मागच्या टोकाला, आणि मागच्या चाकांचं सस्पेन्शन असं की वळणाच्या मध्यात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तर चाकांचा कल बदलून गाडी शेपूट बाहेर टाकायची. बेर्लिनात ते सावकाश व्हायचं, कूपेत विचार करायला वेळ मिळत नसे. 1954 च्या चौथ्या आवृत्तीत लान्चाने मागे द दिऑन पद्धतीचा अ‍ॅक्सल घातला, चाकं रस्त्यावर सरळ उभी राहू लागली आणि हा स्वभाव शांत झाला. इंजिन तोवर अडीच लिटरचं झालं होतं. नुसती कापाकापी पुरत नाही, मागची चाकं नव्याने जुळवून घ्यावी लागतात, ही समज लान्चाच्या अभियंत्यांनी दाखवली. मला त्यांचं सर्वांत जास्त कौतुक याचं वाटतं.

आता उलटं उदाहरण. 1959 मध्ये इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेरल्ड आली, मिकेलोत्तीने आखलेली. सलून, म्हणजे इंग्रजांची सेडान, आणि कूपे दोन्ही एकदमच. खाली स्वतंत्र चासी, वर बोल्टने जोडलेली बॉडी, त्यामुळे टप बदलला की गाडीची जात बदलली. व्हीलबेस दोघींचा एकच. कूपेला दोन कार्बुरेटर होते म्हणून ती जोरात पळायची, पण वळायची सलूनसारखीच. जोरात वळताना मागचं चाक आत दुमडण्याची खोडही दोघींत सारखी. हीच हेरल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने भारतात बांधली. आपल्याकडे दोन दारांत घर बसेना, तेव्हा कंपनीने तिला चार दारं दिली. पुढे गझेल आली, तेव्हा आपल्या रस्त्यांसाठी मागे सलग अ‍ॅक्सल टाकला.

रोव्हरने 1962 मध्ये आपल्या चार दारांच्या पी5 चा टप अडीच इंच खाली घेतला आणि तिला कूपे म्हटलं. चाकं जागची हलली नाहीत. अमेरिकी अभियंत्यांच्या एसएई संस्थेची व्याख्या तर मागच्या बाजूच्या जागेवर बेतलेली आहे: 33 घनफुटांपेक्षा कमी असेल तर कूपे, तेवढी किंवा जास्त असेल तर सेडान. गाडी कशी वळते हा प्रश्न त्यात येतच नाही.

लान्चा 1969 मध्ये फियाटने घेतली. फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून 2024 पासून टाटांची कर्व्ह बाहेर पडते. कूपेसारख्या उतरत्या टपाची एसयूव्ही म्हणून ती विकली जाते. दारं चार, शिवाय 500 लिटरची डिकी. टाटांच्याच छोट्या एसयूव्हीचा, नेक्सॉनचा, व्हीलबेस 2498 मिलीमीटर आहे आणि कर्व्हचा 2560, म्हणजे इथे कात्री लागलीच नाही, उलट सहा सेंटीमीटर जोडले. त्या लांबीने महामार्गावर गाडी स्थिर धावते, सामान भरपूर मावतं, आणि मुंबई-पुणे रोज करणाऱ्याला तेच हवं असतं. वरंध घाटाच्या वळणांवर मात्र मी नेक्सॉनची किल्ली मागेन.