महाड-पोलादपूरचे कृष्णधवल फोटो : ब्रोमाइडपासून इंकजेटपर्यंत

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या जुन्या घरांत भिंतीवर लावलेल्या कृष्णधवल फोटोंचा काळा रंग एकसारखा नसतो. एखादा तपकिरी, एखादा निळसर, एखादा गडद काळा. फौजी आंबवड्यासारख्या सैनिकी परंपरेच्या गावांत गणवेशातले फोटो आहेत. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी तिथल्या स्टुडिओत काढून गावी आणलेले फोटो आहेत. आणि १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची ही भूमी असल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तसबिरीही आहेत. फोटो कोणत्या कागदावर आणि कोणत्या रसायनांतून निघाला, हे त्याची छटा सांगते.

मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्यानंतरच्या काळात फोटोंचा कागद बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला असे आणि त्यावरची प्रतिमा मुळातच तपकिरी उमटे. ती सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवली की जांभळट व्हायची. पुढे जिलेटिनचा ब्रोमाइड कागद आला आणि काळा रंग थंड झाला. याचे कारण चांदीच्या कणांत आहे. कण बारीक असले तर छटा उबदार, मोठे असले तर निव्वळ काळी किंवा निळसर. कागदात क्लोराइडचे प्रमाण वाढवून किंवा डेव्हलपर बदलून डार्करूममधला कारागीर ही छटा हवी तिकडे झुकवत असे. सेपिया करायचा तर तयार फोटो आधी फेरिसायनाइड आणि ब्रोमाइडच्या द्रावणात फिका करायचा, मग सोडियम सल्फाइडमध्ये टाकायचा. सडक्या अंड्यांचा वास सुटे, पण चांदीचे सल्फाइड होऊन प्रतिमा टिकाऊ बनत असे. म्हणूनच कोकणच्या दमट हवेत सेपिया फोटो पुष्कळदा साध्या ब्रोमाइडपेक्षा शाबूत राहिलेले दिसतात. फोटो पक्का करणारा हायपो नीट न धुतलेले ब्रोमाइड मात्र पिवळे पडले.

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद देशभर पोचला, तरी रंगीत लॅब आल्यावर कृष्णधवलची डार्करूम मागे पडली. लॅबमध्ये कृष्णधवल निगेटिव्हही रंगीत कागदावर छापली जाऊ लागली. त्यात करडा रंग तीन रंगद्रव्यांच्या थरांतून तयार होतो. त्यामुळे हिरवट किंवा गुलाबी झाक येणे नेहमीचेच झाले.

इंकजेटने ही अडचण आधी वाढवली. साध्या प्रिंटरमध्ये एकच काळी शाई असते. उजळ भागात तिचे ठिपके डोळ्यांना टोचतात, म्हणून यंत्र निळी, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून करडा रंग बनवते. मिश्रण जरा चुकले की झाक येते. त्यातही ट्यूबलाइटखाली बरोबर दिसणारा फोटो अंगणात नेला की हिरवा दिसू शकतो. अमेरिकेतले मुद्रक जॉन कोन यांनी २००० च्या सुमारास रंगीत शायांच्या जागी वेगवेगळ्या गडदपणाच्या करड्या शाया भरण्याची ‘पायझोग्राफी’ पद्धत आणली. एप्सनने २००५ मध्ये तीन काळ्या शायांचा संच आणि कृष्णधवलसाठी स्वतंत्र छपाईपद्धत दिली. उबदार, तटस्थ, थंड आणि सेपिया असे पर्याय त्यात होते. कार्बनची शाई मुळातच किंचित तपकिरी असते, तटस्थ छटेसाठी तिच्यात थोडी निळी-किरमिजी मिसळावी लागते. छटा ठरवण्याची जी कला डार्करूमबरोबर गेली असे वाटत होते, ती इथे परत मिळाली.

छोट्या स्टुडिओंत बहुधा सहा शायांचा, एकाच काळ्या शाईचा टँक प्रिंटर असतो. त्यावरही काम साधते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापावी, ती सुकू द्यावी आणि खिडकीच्या उजेडात पाहावी. ज्या पायरीवर झाक दिसते, तेवढ्याच भागाचा कर्व्ह हलवावा. सगळ्या फोटोला एकच दुरुस्ती लावणे ही नेहमीची चूक. कागदही छटा ठरवतो. निळसर पांढरेपणा आणणारी द्रव्ये घातलेला कागद फोटो थंड करतो, आणि ती द्रव्ये निकामी झाली की पिवळा पडतो. सेपियासाठी मलईच्या रंगाचा कागद योग्य.

सावित्री आणि गांधारीच्या संगमावरच्या महाडला २००५ आणि २०२१ च्या जुलैत महापुराने वेढले. अशा पुराच्या पाण्यात फोटोवरचे जिलेटिन फुगून फ्रेमच्या काचेला चिकटते. असा फोटो काचेसह सुकला की सोडवताना प्रतिमा काचेवरच राहते, म्हणून तो ओला असतानाच सोडवावा. स्कॅन रंगीतच करावा, कारण पिवळे-तपकिरी डाग लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. तपशील त्या चॅनलमधून घ्यावा, आणि मूळ छटा चौकटीच्या कडेखाली झाकून राहिलेल्या, डाग न लागलेल्या पट्टीवरून ठरवावी. सरसकट ग्रेस्केल केला तर मूळ छटा हातची जाते.

नव्या प्रतीसाठी पिग्मेंट शाई बरी. डाय शाई पाणी लागताच पसरते. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घालावी. आणि प्रत कितीही चांगली निघाली तरी मूळ ब्रोमाइड टाकू नये. पुढचा स्कॅन त्यावरूनच होणार आहे.